ध्वजावरचा पक्षी गावात आहे का?

महोदय,

एखाद्या गावाने स्वतःचा ध्वज करायचे ठरवले की त्यावर सगळेच मावले पाहिजे असा हट्ट सुरू होतो. डोंगर हवा, नदी हवी, कारखान्याचे चाक, उघडे पुस्तक, वर गावाचे नाव. वाऱ्यावर फडकताना यातले काहीच दिसत नाही. अमेरिकेतील पोकाटेलो या छोट्या शहराच्या ध्वजावर तर घोषवाक्य होते आणि शिवाय कॉपीराइटची नोंद! ध्वज-अभ्यासकांच्या संघटनेने २००४ साली केलेल्या पाहणीत १५० शहरांमध्ये तो शेवटचा आला. २०१७ मध्ये शहराने तो बदलला. आता त्यावर शिखरे, नदी आणि होकायंत्राची चांदणी आहे; अक्षर एकही नाही.

हे झाले दिसण्याचे. माझे म्हणणे ज्या फुला-पक्ष्यांना आपण मानाचे स्थान देतो, त्यांच्याविषयी आहे.

जपानमध्ये लहानसहान गावांचेही स्वतःचे फूल, झाड आणि पक्षी ठरलेले असतात. तिथल्या ह्योगो प्रांताने १९६५ साली करकोच्याला प्रांताचा पक्षी केले. भातखाचरांतली विषारी फवारणी मात्र चालूच राहिली. बेडूक, मासे कमी झाले आणि १९७१ मध्ये त्या देशातला रानातला शेवटचा करकोचा त्याच प्रांतातील तोयोओका येथे मेला. मान मिळून जेमतेम सहा वर्षे झाली होती. पुढे रशियाकडून पिल्ले आणून पिंजऱ्यात वीण केली गेली आणि २००५ मध्ये पाच पक्षी मोकळे सोडले गेले. त्यासाठी आधी शेतकऱ्यांना औषधे कमी करावी लागली, हिवाळ्यातही खाचरात पाणी ठेवावे लागले. मला विचाराल तर करकोचा तिथला पक्षी झाला तो तेव्हा.

आपल्या देशात केरळच्या कासरगोड जिल्ह्याने २०२३ मध्ये स्वतःचे झाड, फूल, पक्षी आणि चक्क कासव जाहीर केले. झाड कोणते, तर काजरा! विषारी बियांचा, कडू. शोभेसाठी कुणी लावणार नाही. पण जिल्ह्याचे नावच या झाडावरून पडले असे एक मत आहे. कासव तर वाळूत असे दडून बसते की क्वचितच नजरेस पडते. देखणेपणापेक्षा तिथलेपणा पाहून केलेली ही निवड मला मोलाची वाटते. मोर आणि गुलाब काय, कुठेही चिकटवता येतात.

तेव्हा गावाने चिन्ह जरूर निवडावे, पण ठरावात नुसते नाव लिहून थांबू नये. समजा खंड्या निवडला. तो नदीकाठच्या मातीच्या उभ्या दरडीत बीळ कोरून घरटे करतो. मग त्या दरडीला सिमेंटची भिंत घालणार नाही, हे वाक्य त्याच ठरावात असावे.

– एक वाचक