जपानी मिश्र भाताला इंद्रायणी घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुरवण्यांतून हल्ली ‘जपानी मिश्र भाता’च्या कृती छापून येतात. बासमती, जिऱ्याची फोडणी, कुकरच्या तीन शिट्ट्या. चवीला बरा लागेलही, पण तो पुलाव झाला. जपानी तांदूळ आखूड दाण्याचा, चिकटसर. काड्यांनी उचलला तर घास सुटता कामा नये. आपल्या बाजारात त्याच्या जवळ जाणारा तांदूळ म्हणजे इंद्रायणी. ‘सुशी राइस’च्या महागड्या पाकिटावाचून काही अडत नाही.

तालुक्याच्या पश्चिम भागातली रताळी बेळगावच्या बाजारात आली की ‘सात्सुमाइमो गोहान’पासून (रताळ्याचा भात) सुरुवात करावी, त्याला सोया सॉसही लागत नाही. दोन वाट्या इंद्रायणी धुऊन अर्धा तास साध्या पाण्यात भिजवावा, निथळावा. पाव किलो लाल सालीच्या रताळ्यांच्या सालासकट पाऊण इंची फोडी दहा मिनिटं पाण्यात ठेवाव्यात. चीक निघतो, काळ्या पडत नाहीत. जाड बुडाच्या पातेल्यात तांदूळ, तीन वाट्या पाणी (नव्या तांदळाला अडीचच) आणि सपाट चमचाभर मीठ एकदा ढवळून फोडी वर पसराव्यात. यानंतर डाव घालू नये. फोडी तांदळात मिसळल्या की भात सारखा शिजत नाही, मध्ये कणी राहते. उकळीपर्यंत मोठा गॅस, मग घट्ट झाकून बारीक गॅसवर बारा मिनिटं, बंद करून आणखी पंधरा. मध्येच झाकण उघडलं की वाफ जाते आणि वरचा थर कचवट राहतो. शेवटी ओल्या उलथन्याने तळापासून हलकेच उलटून भाजलेले काळे तीळ भुरभुरावेत.

गाजर, मशरूम, चिकनचा ‘ताकिकोमी गोहान’ (सगळं एकत्र शिजवलेला भात) ही असाच. मिठाऐवजी दोन मोठे चमचे सोया सॉस, मिरिनच्या (स्वयंपाकात वापरायच्या गोड जपानी तांदळाच्या मद्याच्या) जागी चमचाभर साखर. जेवढा सॉस तेवढं पाणी कमी. मशरूम स्वतःच पाणी सोडतात, तेव्हा आणखी थोडं कमी. सॉस भिजवणात मुळीच घालू नये, मिठाने दाणा पाणी नीट पीत नाही. चायनीजच्या गाडीवरचा डार्क सोयाही नको, भात काळाठिक्कर होतो. तळाला खमंग खरवड धरली तर उत्तमच, जपानात ती आवडीने खातात.

हिरवा मटार मात्र भाताबरोबर शिजवला की रंग जातो. त्यासाठी ‘माझे गोहान’ बरा (जपानीत ‘माझे’ म्हणजे मिसळलेला): भात वेगळा, मटार मिठाच्या पाण्यात वेगळा उकडून शेवटी मिसळायचा. दाणे त्याच पाण्यात गार होऊ द्यावेत, नाहीतर सुरकुततात.

– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव