क्वार्क तुरुंगात नाहीत

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या दैनिकाच्या पुरवणीत, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन ज्यांचे बनलेले असतात त्या क्वार्क या मूलकणांविषयी अर्धे पान मजकूर प्रसिद्ध झाला. नागपुरात एकतीस वर्षे अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माझ्यासारखीला त्याचा आनंदच व्हायला हवा होता आणि पहिल्या दोन परिच्छेदांपर्यंत तो झालाही. परंतु क्वार्क प्रोटॉनच्या तुरुंगात डांबलेले असतात, शास्त्रज्ञांनी प्रचंड शक्तीच्या यंत्राने त्यांची आता सुटका केली आहे आणि हे सारे गणिताने सिद्ध झाले आहे, अशी तीन विधाने त्यात एकापाठोपाठ आली. त्यांतील एकही जसेच्या तसे खरे नाही. आमच्या इमारतीतील बारावीच्या एका विद्यार्थिनीने ते कात्रण खालच्या सूचनाफलकावर लावले आहे आणि जाता-येता मला त्याबद्दल विचारले जाते, म्हणून हे पत्र.

आधी चित्राविषयी. मजकुराशेजारी छापलेले कडीच्या आकाराचे यंत्र हे टोकामॅक आहे, आणि त्याचा क्वार्कांशी संबंध नाही. घोटाळा कसा झाला असावा याची कल्पना येते. इंग्रजीतील 'कन्फाइनमेंट' (बंदिवास) हा एकच शब्द भौतिकशास्त्रात निदान तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. टोकामॅकमध्ये, उदाहरणार्थ गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ पासून चाललेल्या 'आदित्य' या यंत्रात, अतितप्त प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, भिंतीला न लागता राहावा म्हणून त्याला चुंबकीय क्षेत्राने धरून ठेवतात. नॅनोमीटर आकाराच्या स्फटिककणांत इलेक्ट्रॉनला हालचालीस जागाच अपुरी पडते आणि त्यामुळे कणाचा आकार बदलला की त्यातून निघणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो. २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल याच क्वांटम बिंदूंसाठी मिळाले. क्वार्कांची गोष्ट या दोन्हींहून मुळातच वेगळी आहे. टोकामॅकमध्ये माणसे जिवाचे रान करून प्लाझ्मा धरून ठेवू पाहतात आणि तो सतत निसटत राहतो. क्वार्कांना कोणीही धरून ठेवलेले नाही, आणि तरी आजवर एकही क्वार्क एकटा निसटलेला दिसलेला नाही.

तुरुंग म्हटला की भिंत आली, पहारेकरी आला आणि मुख्य म्हणजे भिंतीपलीकडचे मोकळे आवार आले. अणूच्या बाबतीत अशी कल्पना एक वेळ चालते. हायड्रोजनच्या अणूतील इलेक्ट्रॉनला १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट एवढी ऊर्जा दिली की तो सुटतो आणि मग त्याला केंद्रकाशी काही देणेघेणे उरत नाही, कारण विद्युत आकर्षण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होत जाते. अणुकेंद्रकातून न्यूट्रॉन बाहेर काढायला याच्या लाखो पट ऊर्जा लागते, पण तिलाही ठरलेली मर्यादा आहे. क्वार्कांच्या सुटकेला मात्र अशी ठरलेली किंमतच नाही. म्हणूनच आमच्या इमारतीतील मुलीने विचारलेला प्रश्न मला बिनतोड वाटला: "एवढी मोठी यंत्रे आहेत, तर आणखी जोर लावून एक क्वार्क बाहेर का काढत नाहीत?"

तिला मी उत्तर दिले ते दाव्याच्या, म्हणजे बैल बांधायच्या दोराच्या, दृष्टान्ताने. विदर्भात पोळा पाहिलेल्या कोणालाही तो कळेल. बैल खुंट्याजवळ रवंथ करत बसला की दावे सैल पडलेले असते आणि बैलाला ते जाणवतही नाही; तो दूर जाऊ लागला की दावे ताणते. दोन क्वार्क अगदी जवळ असताना जवळजवळ मोकळेपणाने वावरतात आणि दूर जाऊ लागले की त्यांच्यातील ओढ ढिली होण्याऐवजी टिकून राहते. यातील पहिला अर्धा भाग १९७३ साली ग्रॉस, विल्चेक आणि पोलिट्झर यांनी गणिताने दाखवून दिला आणि त्यासाठी त्यांना २००४ चे नोबेल मिळाले. फक्त आपल्या दृष्टान्तातून खुंटा काढून टाकायला हवा: एकाच दाव्याने दोन बैल एकमेकांना बांधलेले आहेत, तिसरे कोणी नाही. पहारेकऱ्याची कल्पना इथेच गळून पडते.

आता या दाव्याचा ताण किती? एका मिलिमीटरचे एक लाख कोटी भाग केले तर त्यांतील एका भागाला फेम्टोमीटर म्हणतात, आणि प्रोटॉनची त्रिज्या साधारण ०.८४ फेम्टोमीटर आहे. क्वार्क एकमेकांपासून एवढ्या अंतरावर गेले की त्यांच्यातील ओढ सुमारे पंधरा टनांच्या वजनाइतकी असते. वर्धा रोडवरून जाणारा माल भरलेला ट्रक डोळ्यांपुढे आणावा. तो दोन कणांच्या मध्ये टांगला आहे असे समजावे. अंतर इतके नगण्य असल्यामुळे खर्च होणारी ऊर्जा आपल्या व्यवहाराच्या हिशेबाने कस्पटासमान असते, परंतु कणांच्या हिशेबाने ती प्रचंड ठरते: एक फेम्टोमीटर ताणायला सुमारे एक अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट. आणि ऊर्जा साठली की आइन्स्टाइनच्या समीकरणानुसार तिच्यातून नवे कण घडू शकतात. दावे ताणत न्यावे तसतशी त्यात ऊर्जा साठत जाते आणि एका क्षणी दावे तुटते. पण जेथे तुटते तेथे एका टोकाला नवा प्रतिक्वार्क (क्वार्काचा विरुद्ध भाराचा जुळा कण) आणि दुसऱ्या टोकाला नवा क्वार्क जन्माला आलेला असतो. एक जोडी फोडायला गेलो आणि दोन जोड्या हाती आल्या. खरा बैल दावे तोडून रानात पळून जातो, त्यामुळे दृष्टान्त इथे लंगडा पडतो हे मान्य आहे. पण तो जिथे लंगडा पडतो तिथेच या विषयाचे मर्म आहे. "आणखी जोर लावा" या सूचनेचे उत्तर असे की जोर जितका अधिक लावाल तितक्या जोड्या अधिक होतील.

हे नुसते कागदावरचे नाही. १९६४ साली गेल-मान आणि झ्वाइग यांनी स्वतंत्रपणे क्वार्कांची कल्पना मांडली तेव्हा त्यांचा विद्युतभार इलेक्ट्रॉनच्या भाराच्या एक-तृतीयांश किंवा दोन-तृतीयांश असावा लागेल असे दिसले. असा अपूर्णांकी भार लपून राहण्यासारखा नसल्यामुळे त्याचा शोध पुष्कळांनी पुष्कळ ठिकाणी घेतला. १९७७ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे नायोबियमच्या बारीक गोळ्यांवर तो सापडल्याचा दावाही झाला, पण पुढे त्याला दुजोरा मिळाला नाही. दुसरीकडे त्याच स्टॅनफर्डच्या रेखीय त्वरकावर (कणांना सरळ रेषेत प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रावर) १९६८ पासून प्रोटॉनवर इलेक्ट्रॉनांचा मारा केला असता आत टणक, बिंदूसारखे काहीतरी आहे हे स्पष्ट झाले होते. म्हणजे आत आहेत हे दिसते, बाहेर मात्र येत नाहीत. त्वरकात टकरीनंतर वेगाने निघालेला क्वार्क एकटा कधीच शोधकापर्यंत, म्हणजे कण टिपणाऱ्या उपकरणापर्यंत, पोचत नाही. पोचतो तो त्याच दिशेने धावणाऱ्या डझनावारी साध्या कणांचा झोत, म्हणजेच वाटेत पुन्हा पुन्हा तुटलेल्या दाव्याच्या तुकड्यांची मिरवणूक. १९७९ साली हॅम्बुर्गच्या डेसी प्रयोगशाळेत असे तीन झोत एकाच वेळी दिसले, आणि त्यांतील तिसऱ्यावरून ग्लुऑन या कणाचे अस्तित्व पक्के झाले.

ग्लुऑन हेच त्या दाव्याचे तंतू. क्वार्कांना विद्युतभाराखेरीज आणखी एका प्रकारचा भार असतो. त्याचे तीन प्रकार असल्यामुळे त्याला 'रंग' म्हणतात, डोळ्यांना दिसणाऱ्या रंगाशी त्याचा संबंध नाही. विद्युतबल वाहून नेणाऱ्या फोटॉनवर, म्हणजे प्रकाशाच्या कणावर, स्वतःचा विद्युतभार नसतो, म्हणून विद्युतक्षेत्राच्या बलरेषा चहूकडे पसरून विरळ होतात. ग्लुऑनवर मात्र स्वतःचाच रंगभार असतो, त्यामुळे ते एकमेकांनाही ओढतात आणि बलरेषा पसरण्याऐवजी एका अरुंद नळीत गोळा होतात, असे हे चित्र आहे. नळीची जाडी लांबीबरोबर बदलत नाही, म्हणून ताणही बदलत नाही.

आता 'सुटके'कडे येते. आपल्या मजकुरात ज्या प्रयोगांचा उल्लेख आहे ते अमेरिकेतील ब्रुकहेवन येथे २००० सालापासून आणि जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत २०१० पासून झालेले जड अणुकेंद्रकांच्या टकरींचे प्रयोग असावेत. सोन्याची किंवा शिशाची केंद्रके प्रकाशाच्या जवळपास वेगाने एकमेकांवर आदळली की क्षणभर तापमान दोन लाख कोटी अंशांच्याही वर जाते, म्हणजे सूर्याच्या गाभ्याच्या लाखपटीहून अधिक. या तापमानाला प्रोटॉन आणि न्यूट्रॉन वितळतात आणि क्वार्क-ग्लुऑनांचे एकसंध द्रव्य तयार होते. ते जवळजवळ घर्षणरहित द्रवासारखे वागते असे २००५ साली जाहीर झाले. कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरच्या पुढाकाराने भारतीय गटांनी बनवलेला, फोटॉनांची संख्या मोजणारा शोधक या दोन्ही ठिकाणच्या प्रयोगांत बसवला गेला. आपल्या बातमीत ही गोष्ट यायला हवी होती असे मला वाटते. परंतु इथेही एकेका क्वार्काची सुटका होत नाही. त्या द्रव्यात इतके क्वार्क एकत्र येतात की कोणता कोणाचा जोडीदार हे सांगता येत नाही, एवढेच. जत्रेतल्या गर्दीत कोणाचे बोट कोणाच्या हातात आहे हे कळेनासे होते तसे ते आहे. द्रव्य निवू लागताच प्रत्येक क्वार्क पुन्हा कोणत्या ना कोणत्या कणात जाऊन बसतो आणि शोधकांत जे पोचते ते नेहमीचेच कण असतात.

'सिद्ध झाले' या शब्दांना माझी सर्वांत मोठी हरकत आहे. केनेथ विल्सन यांनी १९७४ साली अवकाश आणि काळ यांची जाळी कल्पून क्वार्क-ग्लुऑनांची समीकरणे संगणकाने सोडवण्याची वाट दाखवली, आणि आजच्या महासंगणकांवर त्या वाटेने केलेल्या गणनेत दाव्याचा ताण स्पष्ट दिसतो. प्रोटॉनचे वस्तुमानही प्रयोगाशी जुळेल असे निघते. पण गणना आणि सिद्धता यांत फरक आहे, हे भूमितीचा तास बसलेल्या कोणालाही सांगायला नको. ज्या समीकरणांतून हे घडते त्यांचा काटेकोर गणिती पाया घालणे आणि त्यांतून सर्वांत हलक्या कणालाही शून्याहून अधिक वस्तुमान असते हे सिद्ध करणे, यासाठी अमेरिकेतील क्ले गणित संस्थेने २००० साली दहा लाख डॉलरचे बक्षीस लावले. ते अजून कोणालाही मिळालेले नाही. क्वार्क एकटे का सापडत नाहीत याची काटेकोर सिद्धता या प्रश्नाशी अगदी निगडित आहे. बातमीत 'सिद्ध झाले' ऐवजी 'गणनेत दिसते' असे लिहिले असते तर ती काही कमी रोचक झाली नसती.

जाता जाता एक गोष्ट, जी मजकुरात यायला हवी होती. प्रोटॉनमधील तीन क्वार्कांच्या स्वतःच्या वस्तुमानांची बेरीज प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या जेमतेम एक टक्का भरते. बाकीचे सारे त्या बांधणीतील ऊर्जेचे आहे. नागपूरकर असल्यामुळे संत्र्यांचे उदाहरण टाळता येत नाही: एक किलो संत्री घेतली तर त्यांत क्वार्कांच्या स्वतःच्या नावावर दहा-बारा ग्रॅम जमा आहेत.

राहिला प्रश्न शब्दाचा. इंग्रजी-मराठी कोशात 'कन्फाइनमेंट'ला बंदिवासाबरोबर बाळंतपण हाही अर्थ सापडतो. दावे तुटताना नवी जोडी जन्माला येते हे पाहता तो अर्थ आपल्या 'तुरुंगा'पेक्षा वस्तुस्थितीला अधिक जवळचा ठरला असता! मी वर्गात प्लाझ्मासाठी 'धारण' आणि क्वार्कांसाठी 'अवियोग' म्हणत असे. दुसरा शब्द जड आहे, हे मुलांनी मला वेळोवेळी सांगितले आहे. परंतु त्यात भिंत नाही आणि पहारेकरी नाही, आणि एकटेपणा शक्यच नाही हे तो नेमके सांगतो. याहून सोपा शब्द आपल्या वाचकांपैकी कोणी सुचवला तर मी तो आनंदाने वापरीन.

आपणास विनंती एवढीच की येत्या रविवारी एका चौकटीत चित्राखालची ओळ दुरुस्त करून तेथे 'टोकामॅक' असे छापावे आणि 'सुटका' व 'सिद्ध' हे दोन शब्द मागे घ्यावेत. सूचनाफलकावरील कात्रणाशेजारी टाचणीने लावण्याइतकी जागा मी राखून ठेवली आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त अध्यापिका
धरमपेठ, नागपूर