रिपोर्ट मिळाला, बोलणं राहिलं

संपादक महोदय,

दहावीचा निकाल लागला की करिअर काउन्सेलिंगच्या जाहिराती सुरू होतात, पण हे सगळं ज्याच्यापासून निघालं तो फ्रँक पार्सन्स कुणाला माहीतच नसतो. हा माणूस स्वतः कधी इंजिनिअर, कधी शिक्षक, कधी वकील (म्हणजे धरसोड काय आपलीच पोरं करत नाहीत!), आणि १९०८ मध्ये त्याने अमेरिकेत, बोस्टनमध्ये व्होकेशन ब्युरो (काम निवडायला मदत करणारं केंद्र) काढला, स्थलांतरितांच्या वस्तीत, कामाला लागणाऱ्या पोरांसाठी. म्हणणं साधं, आधी स्वतःला ओळखा, मग कामांची नीट माहिती काढा आणि मग दोन्हीचा मेळ घाला. आजच्या कितीतरी ॲप्टिट्यूड टेस्ट याच पायावर उभ्या आहेत. प्रश्न तोही शंभरावर विचारायचा, आरशात बघून स्वतःला तपासा असंसुद्धा सांगायचा, पण समोर बसून बोलायचा पण. १९०८ मध्येच तो वारला, या विषयावरचं त्याचं पुस्तक १९०९ ला आलं.

माझ्या मुलीला मात्र बावीस पानांचा रंगीत रिपोर्ट मिळाला आणि बोलायला दहा मिनिटं, त्यातली चार फीच्या पावतीत गेली. शाळांनी निदान एक माणूस तरी नेमावा, जो पोरांचं ऐकून घेईल.

– एक पालक, नाशिक