तिथीची चौकट गाळू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकात आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात पंचांगाची छोटी चौकट असते. तिथी, नक्षत्र, सूर्योदय, सूर्यास्त. गेल्या दोन-तीन महिन्यांत चार-पाच वेळा ती दिसली नाही, तिच्या जागी जाहिरात होती. एरवी एवढ्यासाठी मी पत्र लिहायला बसलो नसतो. पण ज्यांच्यासाठी तीस वर्षं मी ती चौकट मोठ्यानं वाचली, ते नाना या आषाढात गेले. त्र्याऐंशी वर्षांचे होते.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. 1991 साली अलिबाग तालुक्यात खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातल्या, एका गावात प्राथमिक शिक्षक म्हणून आलो. शाळेशेजारी नानांचं घर. खारात दीड एकर भात, दारात तळं, आणि खांद्यावर कायम तंगुसाची, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीची, गुंडाळी. माझ्यापेक्षा ते वीस वर्षांनी मोठे. पहिल्याच पावसाळ्यात संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर येऊन त्यांनी विचारलं, "मास्तर, पेपरात आज तिथ काय दिलीय?" मी सांगितलं, दशमी. त्यांनी क्षणभर बोटांवर मोजलं आणि म्हणाले, "म्हंजे साडेसात. आपल्या खाडीत सव्वाआठ."

मला काहीच कळलं नाही. मग त्यांनी समजावलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. दशमीला साडेसात, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच, आणि दिवसातून दोनदा भरती, म्हणून सकाळ-संध्याकाळ दोन्हीकडे लागू. ही वेळ समुद्रकाठची. पाणी खाडीतून आमच्या उघाडीपर्यंत, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापर्यंत, चढायला वर पाऊण तास. भरती रोज दोन घटका, म्हणजे साधारण पाऊण तास, पुढे सरकते, तिथीही रोज एकाने पुढे जाते, म्हणून ते जुळतं. मी शाळेत मुलांना पावकी, निमकी, पाऊणकी म्हणायला लावत होतो, पण पाऊणकीचा असा उपयोग मला कोणी शिकवला नव्हता. तो शिकवणारा माणूस एक दिवसही शाळेत गेलेला नव्हता.

उघडं आभाळ असलं तर नानांना पेपरची गरज नसे, चंद्र बघून ते तिथी सांगत. पावसाळ्यात मात्र पंधरा-पंधरा दिवस चंद्र दिसत नाही, आणि मधेच एखाद्या तिथीचा क्षय होतो किंवा ती दोन दिवस राहते. तेवढ्यासाठी त्यांना आपली चौकट लागायची. पुढची सगळी वर्षं संध्याकाळी शाळा सुटली की तिथी वाचायची, आणि वेळ जमली की दोघांनी गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, निघायचं, हे ठरून गेलं.

चिखलातून चालायलाही त्यांनीच शिकवलं. पाय उचलून टाकायचा नाही, नडगी पुढे सरकवायची, टाच शेवटी. गुडघ्यापर्यंतच्या गाळात मी दोनदा अडकलो, तेव्हा हात न देता ते बाजूला उभे राहिले आणि तोंडाने सांगत राहिले. आता लक्षात येतं की हात दिला असता तर दोघंही रुतलो असतो. उघाडीच्या खालच्या अंगाला, जिथे ओहोटीला खाजणातलं, म्हणजे बांधाआडच्या खाऱ्या दलदलीतलं, पाणी धावत बाहेर येतं, तिथे जाऊन बसायचं. गरीला जिवंत कोलंबी किंवा बोईचं पिल्लू, तंगूस उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर. त्या बोटाच्या पेरावर तंगुसाने कापलेली एक पांढरी खाच होती. शिंगाळा आमिषाला टोचत राहतो, चिंबोरी ओढत नेते, आणि जिताडा एकदाच घेतो. पाण्यावर येऊन घेतला तर भप्प असा आवाज होतो. तो आवाज ऐकला की नाना बोलायचं थांबत.

जिताड्याबद्दल खारेपाटाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. पावसाळ्यात मोठे जिताडे खाडीच्या मुखाकडे उतरतात, अंडी घालतात, आणि त्यांची पिल्लं भरतीबरोबर खाड्यांत, उघाडीतून खाजणांत, शेतांत शिरतात. आमच्याकडे लोक ती पकडून घरच्या तळ्यात सोडतात आणि दोन-तीन वर्षं छोटे मासे, कोलंबी खायला घालून वाढवतात. पाहुण्याला, जावयाला तळ्यातला जिताडा काढून वाढणं हा इथला मान आहे. बाजारात त्याला भावही तसाच.

नानांनी आयुष्यभर मासे साफ करता करता एक गोष्ट पाहिली होती. चांगला मोठा जिताडा कापला की पोटात हमखास गाबोळी, म्हणजे अंडी, निघते. मोठा नर त्यांना कधी मिळालाच नाही. "मोठा जिताडा म्हंजे बायच," असं ते म्हणत. मला वाटलं, ही ऐकीव समजूत असेल. मग एकदा अलिबागच्या वाचनालयात माशांवरचं एक पुस्तक हाती लागलं, आणि त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं की जिताडा जन्मतो तो नर म्हणून, पहिली काही वर्षं नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो. मी धावत येऊन त्यांना वाचून दाखवलं. मला वाटलं होतं, आपलं म्हणणं खरं निघालं म्हणून ते खूश होतील. ते गप्प झाले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "म्हंजे आपन येवढी वर्सं आयाच मारल्या."

पुढच्या ज्येष्ठात, वद्य सप्तमीला, आम्ही उघाडीवर होतो. भांगाचं, म्हणजे लहान भरतीचं, मवाळ पाणी, सहाला भरती होऊन नुकतं वळलेलं. अंधार पडता पडता भप्प आवाज झाला आणि नानांच्या बोटावरून तंगूस सरसरत गेला. अर्धा तास ते त्याला खेळवत होते. काठाला आणला तेव्हा मी बॅटरी धरली. दहा-बारा किलोचा सहज असेल. बॅटरीच्या उजेडात डोळा निखाऱ्यासारखा लाल चमकला. त्या माशाच्या पैशात नानांच्या घरचा महिन्याचा किराणा आला असता, आणि त्या वर्षी त्याची गरज होती, कारण आदल्या पावसात बांधाला खांड जाऊन, म्हणजे भगदाड पडून, त्यांच्या शेतात खारं पाणी भरलं होतं आणि रात्याचं, म्हणजे खाऱ्या जमिनीत तगणाऱ्या भाताचं, पीकसुद्धा हाती लागलं नव्हतं. हे सगळं मला माहीत होतं, म्हणून मी काही बोललो नाही. नानांनी चिखलात गुडघे टेकले, जबड्यातली गरी दोन बोटांनी उलटी फिरवून काढली, आणि मासा पाण्यात आडवा धरून ठेवला. कल्ले नीट हलायला लागेपर्यंत धरून ठेवला. मग हात सैल केले. घरी जाताना एवढंच म्हणाले, "घरात सांगू नको."

मी सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितो आहे.

त्यानंतर त्यांनी असा मोठा जिताडा कधी घरी आणला नाही. पावसाळी बंदी, 1 जून ते 31 जुलै, ही यंत्राच्या बोटींना आहे. गळवाल्याला कोणी विचारत नाही. नानांना हे ठाऊक होतं. तरी ज्येष्ठ-आषाढात ते गरवायचे ते शिंगाळ्यासाठी, आणि उघाडीच्या तोंडाशी कोणी मच्छरदाणीचं कापड लावून पिल्लं गाळताना दिसला तर त्याच्याजवळ जाऊन बसत. भांडत नसत. त्याने कापड काढेपर्यंत बसून राहत. 2023 साली सरकारने पापलेटला राज्य मासा ठरवलं, तेव्हा ती बातमीही मी त्यांना वाचून दाखवली. "आन जिताडा?" एवढंच त्यांनी विचारलं होतं.

शेवटचे दोन महिने ते अंथरुणावर होते. मी रोज जाऊन तिथी वाचत असे आणि ते डोळे मिटून वेळ सांगत. एक दिवस तिथी वाचली तरी उत्तर आलं नाही. मीच हिशेब करून सांगितला, तेव्हा त्यांनी मान हलवली. खाडीचा पाऊण तास मी धरला नव्हता. तो त्यांनी तीन बोटं दाखवून धरायला लावला.

तेराव्याला त्यांच्या मुलाने तंगुसाची गुंडाळी माझ्या हातात दिली. गेल्या रविवारी त्यांच्या नातवाचा फोन आला. तो बारावीत आहे. मोबाइलवर बंदराची भरती दिसते, आमच्या उघाडीची दिसत नाही. म्हणाला, "गुरुजी, आज तिथी काय दिलीय पेपरात?" नानांच्या घरी अंक आजही येतो, पण त्या दिवशी त्यात चौकट नव्हती.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
ता. अलिबाग, जि. रायगड