उस्ताद, त्या चार सीसींसाठी आभार

आदरणीय उस्ताद,

समोर उभं राहून आभार मानायला गेलो की तुम्ही मला बोलू देत नाही. "काम झालं ना, चालव आता," म्हणून विषय संपवता. म्हणून हे लिहून, सगळ्यांसमोर मांडतोय. टू-स्ट्रोक इंजिनचं बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवायच्या तयारीत असलेल्या आणखी कुणाच्या वाचनात आलं, तर त्याचा पिस्टन तरी वाचेल.

मी पहिल्यांदा तुमच्याकडे आलो तेव्हा माझा पिस्टन फडक्यात गुंडाळलेला होता. अडीचशेची डर्ट बाइक, मूळ बोअर ६६.४ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) ७२. मी ते ७२ बाय ७२ केलं होतं. २४९ सीसीचे २९३ झाले, म्हणजे सतरा-अठरा टक्क्यांची वाढ. क्रँक तोच, स्ट्रोक तोच. मोठा सिलिंडर आणि मोठा पिस्टन बसवला की झालं, अशी माझी समजूत होती. पहिले दोन दिवस गाडी अशी ओढायची की रात्री झोप लागत नव्हती. तिसऱ्या दिवशी लांब चढावर, फुल थ्रॉटलला, डब्यात खडे हलवावेत तसा आवाज आला आणि मागचं चाक जागीच धरलं गेलं.

तुम्ही तो पिस्टन उजेडात धरून सावकाश फिरवलात. एक्झॉस्टच्या बाजूची वरची कड वाळूने खाल्ल्यासारखी खडबडीत झाली होती आणि रिंगची खाच चेपून रिंग आत अडकली होती. प्लगच्या पांढऱ्या पोर्सलेनवर ॲल्युमिनियमचे बारीक मणी चिकटले होते. ते मला दिसलेच नव्हते, तुम्ही भिंग हातात दिलंत तेव्हा दिसले. ऑइल कमी पडलं असेल, असं मी पुन्हा पुन्हा सांगत होतो. तुम्ही एवढंच विचारलंत, "हेडमध्ये किती सीसी बसतात?"

मला माहीत नव्हतं. नव्या पिस्टनला अडू नये एवढीच हेडची, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाची, कड कापून घेतली होती. मधला घुमट मोजायचा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

पुढचा अर्धा तास मी विसरणार नाही. हेड उलटं ठेवलंत, प्लग बसवलात, लेव्हल लावून हेड सपाट केलंत. कडेला ग्रीसचा अगदी पातळ थर देऊन वर भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी दाबलीत आणि सिरिंजमधून थेंब थेंब पातळ ऑइल सोडत गेलात. शेवटचा एक बुडबुडा पट्टीखाली अडकला होता. तो भोकापर्यंत यावा म्हणून तुम्ही हेड किती हळू कलतं केलंत! २२ सीसी भरले. मग वहीत मांडलंत: २४९ अधिक २२, भागिले २२. कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण कितीपट दाबलं जातं ते, १२.३. तेच २९३ ला १४.३. पेट्रोल तेच, टायमिंग तेच, आणि दाब एवढा वाढलेला. ठिणगी पडल्यावर ज्वाला कडेपर्यंत पोचायच्या आत कडेचं मिश्रण आपोआप पेटतं, म्हणून तो खड्यांचा आवाज. पुन्हा १२.३ वर यायचं तर हेडमध्ये २६ सीसी हवेत. फरक चार सीसींचा. चहाचा चमचाही भरत नाही. माझं इंजिन तेवढ्यावरून गेलं होतं.

स्क्विश, म्हणजे पिस्टन अगदी वर आल्यावर त्याची कड आणि हेड यांतली फट, मोजायची तुमची पद्धत मी आता डोळे मिटून करू शकेन. सोल्डरची मऊ तार गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) रेषेत, डावीकडे आणि उजवीकडे, पिस्टनच्या टोपीवर भिंतीपर्यंत ठेवायची. पुढे-मागे नाही, कारण त्या दिशेने पिस्टन डुलतो आणि आकडा खोटा येतो. हेड बसवून पूर्ण टॉर्क द्यायचा, क्रँक एकदा फिरवायचा, चेपलेली तार मायक्रोमीटरने मोजायची. माझ्या जुन्या हेडवर एका बाजूला १.९ आणि दुसऱ्या बाजूला १.४ मिलिमीटर आलं, म्हणजे कापणीच तिरकी झाली होती. नवं हेड दोन्ही बाजूंना १.३ वर आलं तेव्हा तुम्ही ती चपटी तार माझ्या खिशात टाकलीत. अजून आहे.

पॉवर व्हॉल्व्हचं, म्हणजे एक्झॉस्टच्या खिडकीची उंची कमी-जास्त करणाऱ्या पातीचं, तर मला सुचलंच नसतं. बोअर वाढलं की पिस्टनची भिंत एक्झॉस्टकडे सरकते, पण व्हॉल्व्हची पाती जुन्याच मापाची राहते. तुम्ही पाती हाताने पूर्ण खाली दाबून मला पिस्टन वर न्यायला सांगितलंत. जवळजवळ घासत होती. पहिल्या बांधणीत ती पिस्टनला लागली नाही हे माझं नशीब. कानशीने पाती कमी करताना तुम्ही चारदा थांबून माप घेतलंत.

मग पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या, कडा. सिलिंडरवर निकासिलचा, म्हणजे निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण असलेला लेप नव्याने चढवला होता आणि प्रत्येक खिडकीची कड धारदार राहिली होती. रिंग त्या कडेवरून मिनिटाला हजारो वेळा जाते. तुम्ही मला बारीक दगड दिलात आणि म्हणालात, "नख अडकलं तर रिंगही अडकेल." नख फिरवून बघत सगळ्या कडा मीच मोडल्या. दुपार गेली, तुम्ही घाई केली नाही.

जेटिंगबद्दल, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या जेटच्या निवडीबद्दल, थोडक्यातच सांगतो: मोठं इंजिन त्याच कार्बोरेटरमधून जास्त जोराने ओढतं, जुने जेट तसेच चालतील असं धरू नये. आपण जाड (जास्त पेट्रोलच्या) मिश्रणापासून सुरू करून, प्लग बघत बघत खाली आलो. त्याआधी इंजिन बंद करून ०.४ बार हवा भरली आणि सगळ्या सांध्यांना साबणाचं पाणी लावलं. क्रँकच्या डाव्या सीलपाशी फेस आला. तो सील बदलला नसता तर तिथून हवा ओढून पुढचाही पिस्टन गेला असता.

मधल्या वेळात तुम्ही वॉल्टर काडेनबद्दल सांगितलंत. एमझेड या पूर्व जर्मन मोटारसायकल कंपनीच्या त्या इंजिनिअरने १९६१ पर्यंत १२५ सीसीमधून २५ हॉर्सपॉवर काढली, लिटरमागे २००, तीही एक्झॉस्टमधल्या दाबाच्या लाटा आणि पोर्टच्या वेळा जुळवून. त्याच वर्षी त्याचा रायडर एर्न्स्ट डेग्नर पूर्व जर्मनीतून पळाला, ते ज्ञान सुझुकीकडे गेलं आणि १९६२ मध्ये सुझुकीने ५० सीसीचं विश्वविजेतेपद जिंकलं. तोवर मी शक्ती म्हणजे सीसी एवढंच समजत होतो. होंडाच्या सीआर ५०० चं ८९ बाय ७९, कावासाकी केएक्स ५०० चं ८६ बाय ८६, हे आकडे मला तोंडपाठ होते. माझ्या स्वतःच्या एक्झॉस्टचा पोर्ट किती अंशांना उघडतो ते माहीत नव्हतं. तुम्ही क्रँकवर डिग्री व्हील (अंश कोरलेली चकती) लावून ते दाखवलंत. पाइप त्या वेळेशी जुळलेला असतो आणि बोअर वाढवताना तिरक्या पोर्टची उंचीही हलते, हे तेव्हा कळलं.

आता गाडी कशी चालते? वाळूच्या ज्या चढाला मी दुसऱ्या गिअरवर क्लच मारत जायचो, तिथे तिसऱ्यावर खालूनच ओढते. वरच्या आरपीएमला फार फरक नाही, मधला पट्टा मात्र पूर्ण भरून आला आहे. थकवाही कमी येतो.

परवा पन्नास तास झाल्यावर इंजिन उघडलं. सिलिंडरच्या भिंतीवरची होनिंगची (बारीक घासणीची) तिरकी जाळी चहूबाजूंनी अजून दिसते आहे. टोपीवर ट्रान्सफर पोर्टसमोर (ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये आणणाऱ्या खिडक्यांसमोर) स्वच्छ धुतलेले ठिपके आहेत, बाकी तपकिरी. एक्झॉस्टची कड गुळगुळीत आहे, नख फिरवून पाहिलं. रिंगचा गॅप ०.३५ वरून ०.४० झाला आहे, म्हणून नवी रिंग मागवली आहे. हेड पुन्हा भरून बघितलं: २६.

तुमचा,
अडीचशेवाला