आवाज माझाच राहू दे

मालवण,
नारळी पौर्णिमेनंतरचा चौथा दिवस

प्रिय दोस्ता,

आपल्या रापणीवरच्या फिल्मची, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या माणसांवरच्या, तू पाठवलेली दहा मिनिटांची क्लिप आठ-नऊ वेळा ऐकली. हेडफोन लावून ऐकली, मग मोबाईल ओट्यावर ठेवून बाबांसोबत ऐकली, मग काल संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन परत ऐकली. ज्यांच्याकडून तू व्हॉइसओव्हर करून घेतलायस त्यांचा आवाज खरंच सुंदर आहे, खर्जातला, स्वच्छ, कुठे श्वाससुद्धा ऐकू येत नाही. पण ते 'रापण' म्हणतात ना, तेव्हा मला ती दिसत नाही रे. 'पेडवे' म्हणतात तेव्हा माशांचा वास येत नाही. हे शब्द त्यांनी कागदावर पहिल्यांदा वाचलेत ते कळतं. त्यांची काहीच चूक नाही. फोनवर मी नुसतं 'बघूया' म्हणालो आणि तू गप्प झालास, ते मला लागून राहिलंय, म्हणून आता नीट लिहितोय. फिल्मचं निवेदन मला स्वतः करायचंय. माझ्या आवाजात, आहे त्या हेलात.

तू म्हणालास, 'हर्झॉगचं सोड, तो हर्झॉग आहे.' वेर्नर हर्झॉग, स्वतःच्या डॉक्युमेंटरींचं निवेदन स्वतः करणारा जर्मन दिग्दर्शक. मला तिथूनच सुरुवात करायचीय, कारण त्या माणसाचा आवाज मी गेली पाच वर्षं इतका ऐकलाय की त्यात काय आहे ते आता मला थोडंफार सांगता येईल असं वाटतं.

पहिल्यांदा ऐकला तो लॉकडाऊनमध्ये. अलास्कातल्या अस्वलांमध्ये १३ उन्हाळे राहिलेल्या टिमथी ट्रेडवेलवरची ती 2005 ची डॉक्युमेंटरी, 'ग्रिझली मॅन'. नेटवर्क फक्त रात्री यायचं, म्हणून रात्री दीडला पडवीत बसून बघितली, हेडफोन तुटलेला होता म्हणून मोबाईलवरच, आवाज कमी करून. सकाळी बाबा चहा घेताना विचारतात, "रात्री तो कोण सांगी होतो? कोणाक काय झाला?" बाबांना इंग्रजीचं अक्षर येत नाही हे तुला माहितीय. झोपेत, भिंतीपलीकडून, एका परक्या भाषेतला आवाज ऐकून त्यांना कळलं की कुणाला तरी काहीतरी झालंय आणि हा माणूस ते सांगतोय. मी दिवसभर तेच डोक्यात घेऊन फिरलो.

आवाज म्हणून बघायला गेलं तर तो तसा गोड नाही. आपल्याकडे निवेदक म्हटलं की जो भारदस्त, घोटीव आवाज डोळ्यासमोर येतो तसा तर अजिबात नाही. थोडा घोगरा, सपाट, सावकाश. इंग्रजी बोलतो पण प्रत्येक शब्दावर जर्मनचं वजन, व्यंजनं कडक, आणि वाक्य संपताना आवाज खाली जातो, वर नाही. एकेक शब्द आधी हातात घेऊन बघतो आणि मग खाली ठेवतो असं वाटतं. दुसऱ्याच्या भाषेत बोलणारा माणूस शब्द गृहीत धरत नाही ना, त्याला प्रत्येक शब्द निवडावा लागतो, आणि ते निवडणं ऐकू येतं. मला वाटतं अर्धी जादू तिथेच आहे. त्यात तो समोरच्या गोष्टीला कधी हलकं करत नाही. अंटार्क्टिकावरच्या फिल्ममध्ये (2007 ची) एक पेंग्विन समुद्राकडे जायचं सोडून एकटाच आत डोंगरांच्या दिशेने चालत सुटतो, तिथे मरणच आहे. दुसरं कुणी तिथे गळा भरून बोललं असतं. हा एका पेंग्विनबद्दल तितक्याच गंभीरपणे बोलतो जितकं माणसाबद्दल बोलेल, आवाज हलत नाही, आणि म्हणूनच पोटात कालवतं.

पण मला सगळ्यात जास्त जे शिकवलं ते ग्रिझली मॅनमधल्या एका सीनने, जिथे तो जवळजवळ बोलतच नाही. 2003 च्या ऑक्टोबरात ट्रेडवेल आणि त्याची मैत्रीण अस्वलाच्या हल्ल्यात गेले. कॅमेरा चालू होता पण लेन्सवरचं झाकण निघालेलं नव्हतं, त्यामुळे चित्र नाही, फक्त आवाज रेकॉर्ड झाला. ती टेप ट्रेडवेलच्या एका जुन्या मैत्रिणीकडे होती, तिने स्वतः कधी ऐकलेली नव्हती. हर्झॉग तिच्यासमोर बसून हेडफोन लावून ऐकतो. आपल्याला काही ऐकू येत नाही. तो कॅमेऱ्याकडे जवळजवळ पाठ करून बसलाय, आपल्याला दिसतो तिचा चेहरा, जी त्याचा चेहरा वाचतेय. थोड्या वेळाने तो बंद करायला सांगतो, आणि तिला म्हणतो की तू हे कधीही ऐकू नकोस. ही टेप नष्ट करून टाक असंही सांगतो. विचार कर, पावणेदोन तासांच्या फिल्मभर ज्याचा आवाज आपल्याला धरून ठेवतो, तो माणूस सगळ्यात भयंकर आवाज स्वतः ऐकतो आणि आपल्यापासून लांब ठेवतो. त्या क्षणानंतर तो जे काही बोलतो त्यावर माझा विश्वास बसतो. ट्रेडवेलशी तो निवेदनात उघड वाद घालतो, ट्रेडवेलला निसर्गात माया दिसते, हर्झॉगला तिथे गोंधळ आणि क्रौर्य दिसतं, पण मेलेल्या माणसाशी वाद घालताना त्याचा आवाज एकदाही चढत नाही. वाद आहे आणि आदरही आहे, दोन्ही एकाच सुरात. मला ते आजवर कुणाकडे ऐकायला मिळालं नव्हतं.

आणि हे त्याने पहिल्यापासून ठरवून केलं असंही नाही. 1974 मध्ये त्याने एका स्की-जम्परवर फिल्म केली, स्टायनर नावाचा लाकडावर कोरीवकाम करणारा स्विस माणूस, हवेत इतका लांब उडायचा की जीवाची भीती. ती टीव्हीच्या एका मालिकेसाठी होती आणि टीव्हीवाल्यांची अटच होती की दिग्दर्शकाने स्वतः फिल्ममध्ये दिसायचं, बोलायचं. म्हणून तो माईक हातात घेऊन बर्फात उभा राहिला. एका अटीमुळे माणसाला स्वतःचा आवाज सापडतो, बघ.

आता जे सांगतोय ते नीट वाच, कारण माझं म्हणणं इथे आहे. हर्झॉगचा जन्म 1942 चा, म्युनिकचा, पण युद्धात शेजारच्या घरावर बॉम्ब पडला म्हणून आई पोरांना घेऊन डोंगरात गेली, ऑस्ट्रियाच्या सीमेजवळ साखरांग नावाच्या खेड्यात. नळ नाही, टेलिफोन नाही, त्याने आयुष्यातला पहिला फोन केला तो सतराव्या वर्षी. आणि घरात, गावात बोलायचे ती बव्हेरियन बोली. परत म्युनिकला आल्यावर प्रमाण जर्मन त्याला शिकावी लागली. कळतंय ना तुला? आपल्यासारखंच. आठवीत तू आणि मी मुंबईच्या शाळेत गेलो तेव्हा 'माका' म्हटल्यावर अख्खा वर्ग मागे वळून बघायचा. तू दोन महिन्यांत बदललास, मी चार वर्षांत. त्यानेही प्रमाण भाषा शिकून घेतली, मग इंग्रजी शिकली, अमेरिकेत राहायला गेला, पण डोंगरातला तो हेल पुसला नाही. आज जगभर लोक त्याची नक्कल करतात, हॉलिवूडवाले खलनायकाच्या भूमिका देतात त्या निव्वळ त्या आवाजामुळे, 2012 मध्ये टॉम क्रूझच्या सिनेमात होता, नंतर स्टार वॉर्सच्या सिरीजमध्ये. पण नक्कल करणारा थांबतो आणि हर्झॉग बोलायला लागतो की हसू बंद होतं.

आपल्या बाबतीत ते हसू बंदच होत नाही, हेच माझं दुखणं आहे. मच्छिंद्र कांबळींनी मालवणीला व्यावसायिक रंगभूमीवर नेलं, हजारो प्रयोग केले, त्यांचे उपकार मी विसरणार नाही, बाबांनी कॅसेट लावली की आमचं घर आजही हसतं. दशावतारात बघ, देव प्रमाण मराठीत बोलतात आणि हसवणारा राक्षस संकासूर मालवणीत, आणि लोक वाट बघतात ती संकासुराची. मलाही तेच आवडतं. पण त्यामुळे काय झालंय की आपला हेल कानावर पडला की माणूस हसायच्या तयारीत बसतो. मुंबईत एका स्टुडिओत मी आवाजाची टेस्ट द्यायला गेलो होतो, तू खाली गाडीत थांबला होतास. आतल्या माणसाने दोन ओळी ऐकून सांगितलं, "आवाज बरा आहे, पण कॉमेडीसाठी बोलावतो." मी तुला तेव्हा सांगितलं नाही. ज्या दोन ओळी मी वाचल्या होत्या त्या वादळात न परतलेल्या एका होडीबद्दल होत्या.

आपली फिल्म कशावर आहे? चाळीस माणसं पहाटे किनाऱ्यावर उभी राहतात, होडी अर्धगोल फिरवून जाळं टाकून येते, दोन्ही टोकांचे दोर माणसं तासन् तास ओढतात, पाय वाळूत रुतलेले, आणि दोराला हात लावला त्याला वाटा मिळतो, म्हातारा असो की शाळेतला पोरगा. त्या चाळिसातले आता अठरा उरलेत. 2016 च्या फेब्रुवारीत सरकारने पर्ससीनवर, म्हणजे मोठ्या यांत्रिक बोटींच्या जाळ्यांवर, निर्बंध आणले तेव्हा आपल्या वाड्यात काय आनंद झाला होता, आणि त्यानंतरही रात्री समुद्रात दिवे दिसतात तेव्हा बाबा किती वेळ तिकडे बघत उभे असतात, हे मी बघितलंय. हे सांगायला घोटीव आवाज नको. हे ज्याच्या घरात झालंय त्याने सांगावं, आणि तो जसा बोलतो तसं सांगावं. बाबा फिल्ममध्ये म्हणतात, "पाणी काळा पडला की समजाचा, आज बाहेर जावचा नाय." या वाक्यात हसण्यासारखं काय आहे? हर्झॉगच्या तोंडी असतं तर लोकांनी श्वास रोखला असता. आणि बाबांच्या या वाक्यानंतर लगेच पुण्या-मुंबईच्या शुद्ध आवाजात निवेदन आलं की बाबांचं बोलणं आपोआप 'गावाकडचं' होतं, खाली जातं. मी बोललो तर आम्ही दोघं एकाच वाळूत उभे असू.

मी त्याची नक्कल करणार नाही, ती भीती मनातून काढ. सावकाश, खालच्या सुरात, मृत्यूबद्दल बोललं की हर्झॉग होत नाही, ते मी करून बघितलं आणि पुसून टाकलं. त्याच्याकडून मला तीनच गोष्टी घ्यायच्यात, खरं तर दोनच. जे समोर आहे त्याला हलकं करायचं नाही. आणि कधी गप्प बसायचं ते कळायला हवं. फ्रान्समधल्या शोव्हे गुहेतल्या फिल्ममध्ये, जिथे ३२ हजार वर्षांपूर्वीचे घोडे आणि सिंह भिंतींवर आहेत, एक संशोधक सगळ्यांना गप्प राहून गुहेचा आवाज ऐकायला सांगतो आणि हर्झॉग, ज्याच्याकडे इतके शब्द आहेत, थोडा वेळ खरंच गप्प बसतो. कॅमेरा माणसांच्या चेहऱ्यांवरून फिरतो. बस्स.

तर मी काय केलंय ऐक. गेले सहा दिवस रात्री दोननंतर रेकॉर्डिंग करतोय. पंखा बंद, फ्रिज बंद, माजघरात गोधड्या टांगून, कॉलर माईकवर. पावसामुळे दोन रात्री वाया गेल्या, कौलांवर पाऊस लागला की काहीच होत नाही. तिसऱ्या रात्री बेडकांनी ऐकलं नाही. समुद्राची गाज मात्र सगळ्या टेकमध्ये आहे, खिडकी बंद केली तरी येते, ती साफ करू नकोस, प्लीज. पहिले टेक मी शुद्ध बोलायचा प्रयत्न करून केले होते, ऐकताना मला स्वतःलाच तो माणूस परका वाटला. मग बाबांना उठवलं, समोर बसवलं, आणि कागद बाजूला ठेवून त्यांनाच सांगितलं, तुमच्या रापणीची गोष्ट तुम्हालाच सांगतोय असं. मध्ये एकदा ते म्हणाले, "तसा नाय झाला ता," आणि दुरुस्ती केली. ती दुरुस्तीही रेकॉर्ड झालीय. मला वाटतं ती ठेवावी. तू एडिटर आहेस, तू ठरव, पण आधी एकदा डोळे मिटून ऐक.

एकूण ३१ मिनिटं झालंय. मराठीच बोललोय, कळायला हवं सगळ्यांना, पण जिथे मालवणी शब्दच खरा आहे तिथे तोच ठेवलाय आणि समजावत बसलो नाही. हेल आहे तसा आहे.

शेवटच्या सीनला, म्हणजे जाळं पूर्ण ओढून होतं आणि आत चार-दोन तारल्या आणि नुसतं प्लास्टिक निघतं, आणि अठराही जण काही न बोलता दोर गुंडाळायला लागतात, तिथे मी चार वेळा लिहिलं. चारही वेळा वाचून बघितलं. तिथे माझी फाइल रिकामी आहे, चुकून राहिलंय असं समजू नकोस. तिथे फक्त दोर ओल्या वाळूवर घासल्याचा आवाज आहे ना, तुझ्याकडच्या मूळ ऑडिओत, दुसऱ्या कार्डावर, तो थोडा वर घे.

त्या व्हॉइसओव्हरवाल्यांचे पैसे मी देतो, त्यांना माझा नमस्कार सांग, त्यांनी मनापासून काम केलंय.

चतुर्थीला येशीलच. तेव्हा बाबांसमोर बसून पूर्ण बघूया.

तुझो,
मालवणचो दोस्त

ता.क. बाबा विचारतायत, तो रात्री सांगणारो माणूस आपली फिल्म बघतलो काय.