रस्त्याकडेची द्राक्षं तोडू नका

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत फ्रान्समधल्या टेकडीवरच्या गावांविषयीचा लेख वाचला. सेंट एमिलियनचं वर्णन झकास उतरलंय. पण शेवटच्या चौकटीतला सल्ला वाचून आमच्या घरात सगळ्यांच्याच कपाळाला आठ्या पडल्या. मळ्यांना कुंपण नसतं, बिनधास्त आत शिरा, घड तोडून चाखा, असं त्यात म्हटलंय. आम्ही निफाड तालुक्यातले द्राक्षवाले. मुलगी बोर्डोला नोकरीला आहे, त्यामुळे ऐन तोडणीच्या दिवसांत मी ते गाव पाहून आले. म्हणून हे पत्र.

बोर्डोहून रेल्वेने गेलं की स्टेशन खाली मळ्यांत आणि गाव वर टेकडीवर. मधली वीसेक मिनिटं चालत जायचं. दोन्ही अंगांना वेली असतात आणि कुंपण नसतं, हे खरंच. आमच्याकडे मांडवावर किंवा इंग्रजी वाय आकाराच्या आधारावर घड डोक्याशी लोंबतात. तिथली वेल जेमतेम कमरेएवढी, घड गुडघ्याच्या आसपास. तोडणारी माणसं दिवसभर वाकून किंवा उकिडवी बसून असतात. बघूनच माझी कंबर धरली. मी बांधावर उभी राहून न्याहाळतेय हे बघून एका बाईने कात्री खिशात घातली आणि मेर्लो या वाइनच्या द्राक्षाचे चार मणी माझ्या हातावर ठेवले. बारीक, काळेभोर, जाड सालीचे, आत बिया. गोड खूप, पण आपली बिनबियांची थॉमसन द्राक्षं खायची सवय असलेल्याला दुसरा मणी नको वाटेल. थोडक्यात, चोरून खाण्याजोगंही तिथे फारसं काही नाही!

आता एका घडाने काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. गावात कायमचे राहणारे दोन हजारांच्या आत आणि वर्षाकाठी येणारे पाहुणे लाखांनी. शिवाय तिथे घड मोजके ठेवतात. हेक्टरी किती माल घ्यायचा याला नियमाची मर्यादा आहे आणि लागत्या बागेला पाणी द्यायला सहसा परवानगी नसते. ठिबकच्या नळ्या शोधून मी दमले. जुलैच्या सुमारास बरेच मळेवाले वेलीवरचे काही घड स्वतःच कापून खाली टाकतात, म्हणजे उरलेले नीट पिकतात. विरळणी आम्हीही करतो. आपल्याच हाताने हिरवे घड मातीत टाकताना पोटात कसं होतं ते मला ठाऊक आहे. एवढं करून राखलेला घड कुणी फोटोपुरता तोडावा?

या चोरीलाही तिथे इतिहास आहे, तो लेखात यायला हवा होता. बोर्डोजवळच्या मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, आणि चुन्याचं पाणी मारायची पद्धत होती. येणाऱ्याजाणाऱ्याने घडांना हात लावू नये, निळसर पांढरी पानं बघून घाबरावं, एवढाच हेतू. 1882 साली मियार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांच्या लक्षात आलं, की सगळीकडे डावणी या बुरशीसारख्या रोगाने पानं झडलेली असताना या रस्त्याकडेच्या वेली मात्र हिरव्या आहेत. त्यांनी प्रयोग केले आणि 1885 मध्ये कृती जाहीर केली. तेच हे आम्ही रोगांवर फवारतो ते बोर्डो मिश्रण. वाटसरूंच्या हातचलाखीपायी आमच्या बागा वाचल्या म्हणायच्या! तांबं तिथे आजही फवारतात, सेंद्रिय मळ्यांतही. न धुतलेला घड तोंडात टाकणाऱ्यांनी निदान एवढं तरी ध्यानात ठेवावं.

आणखी एक. वेली 'मध्ययुगापासून उभ्या आहेत' असं लेखात म्हटलंय, ते काही बरोबर नाही. द्राक्षशेती तिथे रोमन काळापासूनची आहे, पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलोक्सेरा किडीने फ्रान्सभरच्या बागा मुळापासून खाल्ल्या. त्यानंतर या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकी वेलींच्या खुंटावर, म्हणजे मुळांसकट खालच्या भागावर, कलमं बांधून बागा नव्याने उभ्या केल्या. आमचा डॉगरिज खुंटही अमेरिकेकडचाच. मध्ययुगीन आहे ते गाव. बाराव्या शतकात अखंड चुनखडकात कोरलेलं चर्च बघून मला आपल्या लेण्यांची आठवण झाली. ते वाटाड्याबरोबरच बघता येतं. आत खांबांना लोखंडी आधार दिलेत, तेही बघावेत. गल्ल्या इतक्या उभ्या आणि दगड इतके गुळगुळीत, की चप्पल घालून जाणाऱ्याची खैर नाही. 1999 साली युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला तो नुसत्या गावाला नव्हे, भोवतालच्या मळ्यांसकट. मी वाइन घेत नाही. तिथली माकारों नावाची बदामाची बिस्किटं मात्र पोटभर खाल्ली. जोगिणींनी सतराव्या शतकात सुरू केलेला प्रकार म्हणतात.

ज्यांना मळा आतून बघायचाय त्यांनी गावातल्या पर्यटन कार्यालयात चौकशी करावी. वेळ ठरवून मळे, तळघरं दाखवतात, चवही देतात. तोडणीच्या दिवसांत मात्र काही ठिकाणी नाही म्हणतात, तेव्हा आधीच विचारलेलं बरं. सप्टेंबरात जाणाऱ्यांचं आरक्षण आता सुरू असेल. त्याआधी ती चौकट दुरुस्त करून छापावी, ही विनंती.

आपली,
एक द्राक्ष उत्पादक, ता. निफाड, जि. नाशिक